नावेवरचा ओरखडा: तापीकाठच्या उन्हात फायबर बोटीचा रंग कसा दुरुस्त करावा

धरणाचं पाणी उतरू लागलं की बॅकवॉटरमधले जुने बांध, दगड आणि बाभळीची खोडं हळूहळू वर येतात. पूर्ण वर येण्याआधीचे आठ-पंधरा दिवस ती पाण्याखाली वीतभर दडलेली असतात, आणि नावेला ओरखडे पडतात ते नेमके या दिवसांत. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते तिथपासून हतनूर धरणाच्या भिंतीपर्यंत कुठल्याही काठावर नाव उलटी करून बघा, पोटावर या दगडांचा हिशेब लिहिलेला सापडेल. पहिला ओरखडा पडतो तेव्हा मालकाला जेवण जात नाही. दहावा पडतो तेव्हा तो बघतसुद्धा नाही. हा लेख या दोघांच्या मधल्या माणसासाठी आहे.

मी भुसावळला काही वर्षं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग केलं. त्यामुळे फायबरची नाव पहिल्यांदा समोर आली तेव्हा वाटलं, ही तर बिनचाकाची गाडीच. त्या भ्रमात पहिल्या दोन नावा मी बिघडवल्या. मग मोबाइलवर शोधलं तर सगळी माहिती समुद्रातल्या, थंड हवेच्या देशांतल्या बोटींची. ती खोटी नसते, पण तिचे शत्रू वेगळे असतात. तापीच्या पाण्यात मीठ नाही, आणि समुद्रात बोटीच्या तळाला चिकटतात ते बार्नेकल गोड्या पाण्यात होत नाहीत. आपल्याकडे रंग बिघडवतं ते ऊन, काळ्या मातीचा गाळ आणि करणाऱ्याची घाई.

आधी ओरखडा वाचा

नखाने सुरुवात करा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर लांबी (खड्डा भरायची पुट्टी), अस्तर (रंगाआधीचा प्रायमर), रंग यांपैकी काहीच लागणार नाही, नुसत्या पॉलिशने काम होईल. नख अडकतंय पण आतला रंग बाहेरच्यासारखाच आहे, तर ओरखडा वरच्या थरातच आहे. आत पिवळसर-हिरवट, काचेसारखं काही दिसतंय किंवा धागे दिसतायत, तर वरचा थर संपून मॅटपर्यंत, म्हणजे आतल्या काचेच्या धाग्यांच्या चटईपर्यंत गेलाय. तो भरावा लागेल.

फायबरच्या नावेचा मूळ वरचा थर हा ब्रशने नंतर मारलेला रंग नसतो. तो जेलकोट असतो. साच्यात सगळ्यात आधी तो मारतात, त्यावर मॅट आणि तिला घट्ट धरणाऱ्या रेझिनचे थर चढवतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन-तीन थरांइतकी जागा तुम्हाला घासायला मिळते, त्याहून जास्त नाही. गाडीच्या रंगापेक्षा हा थर बराच जाड असतो, म्हणून हलके ओरखडे नुसतं घासून निघतात. मात्र मशीन लावून बेफिकीर घासलं तर त्याच जागी मॅट उघडी पडते.

पण नाव जुनी असेल तर तिच्यावर आतापर्यंत कोणी काय मारलंय, देव जाणे. कुणी ऑइल पेंट मारलेला असतो, कुणी ट्रॅक्टरचा उरलेला रंग. ओळखायची रीत सोपी: कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, एनसी थिनरमध्ये भिजवलेली चिंधी मिनिटभर दाबून धरा. रंग मऊ झाला, सुरकुतला किंवा चिंधीला लागला तर तो साधा ऑइल पेंट. काहीच झालं नाही तर जेलकोट किंवा दोन डब्यांचा (रंगात हार्डनर, म्हणजे कडक करणारं द्रव, कालवून लावायचा) पक्का रंग. हे आधी कळलं नाही तर पुढे फजिती ठरलेली. ऑइल पेंटवर थेट दोन डब्यांचा रंग मारला की खालचा रंग वितळतो आणि सगळं उडदाच्या पापडासारखं फुगून वर येतं.

आता एक तपासणी जी बहुतेक जण करत नाहीत. एक रुपयाचं नाणं घेऊन ओरखड्याच्या आजूबाजूला ठोकत जा. टणटण आवाज आला तर खाली सगळं घट्ट आहे. मधेच आवाज बद्द झाला, जागा दाबल्यावर दबली, किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा एका बिंदूतून पसरलेल्या दिसल्या, तर थांबा. तिथे रंगाचं काम नाही. आत मॅट तुटली आहे किंवा थर सुटले आहेत, आणि त्यावर रंग मारणं म्हणजे गळक्या छपराला चुना लावणं. अशी जागा कापून, नव्या मॅटचे थर देऊन बांधावी लागते. ते काम वेगळं आहे आणि या लेखात ते नाही. नावेत लहान मुलं बसतात एवढं लक्षात ठेवा.

कधी आणि कुठे

खान्देशात या कामाचा खरा हंगाम दिवाळीपासून चांगदेव-मुक्ताईच्या यात्रेपर्यंत, म्हणजे महाशिवरात्रीपर्यंत. पण पाणी उतरतं, आणि ओरखडे पडतात, ते नेमके त्यानंतर. त्यामुळे खरं तर मागच्या उन्हाळ्यातले ओरखडे पुढच्या हिवाळ्यात दुरुस्त करावेत. कोणी करत नाही. सगळे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास, पारा 43-44 वर असताना नाव घेऊन येतात. त्यांच्यासाठी पण सांगतो.

मे महिन्यात एकदा मी सकाळी अकराला निळा रंग हातात घेतला. नाव उन्हात होती. शेजारी उभे असलेले बापू म्हणाले, "लाव ना भो रंग, कसानी वाट देखी ऱ्हायना?" लावला. ब्रश दुसऱ्या फटक्यालाच ओढायला लागला, आधीचा फटका तोवर सुकून चिकट झालेला. चार दिवसांनी त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे फोड आले. रंगाचा वरचा पापुद्रा लगेच सुकला, आतला थिनर अडकला आणि उन्हाने तापून वर आला. सगळं खरवडावं लागलं.

हवेचं तापमान किती यापेक्षा नावेच्या अंगाचं किती, हे महत्त्वाचं. गडद रंगाची नाव उन्हात 60 अंशांच्या पुढे सहज जाते. लेझर थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर तळहात ठेवा. दहा सेकंद आरामात ठेवता आला नाही तर रंगाचा डबा उघडू नका. मार्च ते मे हे काम सकाळी सात ते साडेनऊ एवढ्यातच करा, तेही नाव आदल्या संध्याकाळपासून सावलीत असेल तर. केळीच्या रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट बांबूंवर ताणली की काम होतं. निंबाखाली लावू नका. सावली गार असते, पण फाल्गुन-चैत्रात निंबाचा फुलोरा झडतो आणि वर बसलेले बगळे-कावळे आपलं काम करतातच.

हिवाळ्यात अडचण उलटी. काठावर पहाटे दव पडतं आणि नावेचं अंग गार असतं. दहाच्या आधी सुरुवात नको. शेवटचा हात दुपारी दोन-तीनपर्यंत संपवा, म्हणजे संध्याकाळचं दव पडेपर्यंत रंग वरून बसलेला असेल. ओल्या रंगावर दव पडलं की चकाकी मरते आणि पांढुरका धुरकटपणा येतो. अंग 15 अंशांपेक्षा गार असेल तर जेलकोट नीट कडक होत नाही. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

वावटळीचंही बघा. जमिनीवर अर्धा तास आधी पाणी शिंपडा, पण नावेच्या थेट खाली डबकं होऊ देऊ नका. त्याची वाफ वर नावेलाच लागते.

सामान

पॉलिश पेपर 80, 120, 180, 220 आणि 320 नंबरचे. वॉटर पेपर 400, 600, 800, 1000, 1500. घासायला लाकडाचा किंवा रबराचा ठोकळा, कारण नुसत्या बोटांनी घासलं की खड्डे पडतात. चांगल्यापैकी मास्किंग टेप. स्वस्तातली टेप उन्हात गोंद सोडते आणि तो काढण्यात अर्धा दिवस जातो. लांबी भरायची पत्ती, बारीक ब्रश, फोमचा छोटा रोलर, स्वच्छ सुती चिंध्या, रबिंग कंपाउंड. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा किंवा सुईशिवायची सिरिंज. जळगावच्या सराफ बाजाराच्या इतक्या जवळ राहून आपण हार्डनर अंदाजाने ओततो, याचं मला नेहमी हसू येतं.

आणि तोंडाचा बंदोबस्त. फायबर घासताना उडणारी भुकटी फुप्फुसात जाते आणि अंगाला दिवसभर खाजवते. डोक्याला बांधलेला रुमाल तोंडावर ओढणं म्हणजे मास्क नव्हे. घासताना एन-95, आणि थिनर, जेलकोट किंवा दोन डब्यांचा रंग वापरताना वासासाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क. डोळ्यांना गॉगल, हाताला नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. काम झाल्यावर अंग गार पाण्याने धुवा, तेही आधी न चोळता.

धुणं, आणि मग घासणं. उलटं नाही.

गॅरेजातून आलेल्या माणसाचा हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. नावेवर डिझेलचा तवंग, माशांचं तेल, शेवाळ आणि काळ्या मातीचा थर असतो. त्यावरच घासलं तर ते सगळं ओरखड्याच्या आत रगडलं जातं. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने दोनदा धुवा, भरपूर साध्या पाण्याने खळखळा. सुकल्यावर थिनरच्या चिंधीने एका दिशेने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या चिंधीने ते टिपून घ्या. एकच चिंधी गोल गोल फिरवली तर तेल फक्त इकडचं तिकडे होतं. जुना ऑइल पेंट असेल तर थिनर नको, मिनरल टर्पेंटाइन वापरा.

मग स्वच्छ पाणी शिंपडून बघा. पाणी सपाट पसरलं तर तेल गेलं. थेंब मोत्यासारखे गोळा झाले तर पुन्हा धुवा.

मोटरसायकल चमकवायचे सिलिकॉनचे स्प्रे काही जण नावेलाही मारतात. असं झालं असेल तर पाच-सहा वेळा धुवावं लागतं. नाहीतर नवा रंग त्या जागेवरून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला 'डोळे पडले' म्हणतात.

मॅटपर्यंत गेलेल्या ओरखड्यात पाणी मुरलेलं असतं. ती जागा सावलीत किमान दोन दिवस हवेवर ठेवा. उन्हाळ्यात एवढं पुरतं, हिवाळ्यात चार-पाच दिवस.

नख न अडकणारे ओरखडे आणि पांढरी भुकटी

बोट फिरवल्यावर बोटाला खडूसारखं पांढरं लागतं ना, ते उन्हाने मेलेल्या जेलकोटचं पीठ. आपल्याकडच्या नावांचं निम्मं 'रंग उडाला' हे दुखणं एवढंच असतं, आणि त्यावर लोक विनाकारण नवा रंग मारून बसतात. 800 नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी सोडत, हलक्या हाताने घासा. मग 1000, मग 1500. प्रत्येक नंबर आधीच्याच्या आडव्या दिशेने फिरवा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. शेवटी रबिंग कंपाउंड सुती फडक्याने किंवा कमी वेगाच्या बफिंग मशीनने. मशीन एका जागी थांबवू नका, जागा तापून पिवळी पडते. त्यावर मेण-पॉलिशचा एक हात. मात्र त्या जागी पुढे रंग मारायचा असेल तर मेण अजिबात नको.

भरायचे ओरखडे

इथे दोन वाटा फुटतात, आणि एक निवडली की शेवटपर्यंत तीच चालायची.

पहिली वाट जेलकोटची. नावेवर मूळ जेलकोट शाबूत असेल, ओरखडा बोटाएवढा असेल, तर जेलकोटनेच भरावा. दुसरी वाट एपॉक्सीची, म्हणजे हार्डनर कालवून कडक होणाऱ्या वेगळ्या जातीच्या रेझिनची. नाव आधीच रंगवलेली असेल किंवा मोठी जागा रंगवायचीच असेल, तर एपॉक्सीची लांबी भरून वर अस्तर आणि रंग. एपॉक्सी जास्त चिकट, पाण्याला जास्त टिकाऊ. पण एपॉक्सीवर जेलकोट भरवशाने धरत नाही, म्हणून एपॉक्सी भरून त्यावर जेलकोट लावायचा विचार सोडा.

गॅरेजातली गाडीची पॉलिस्टर पुट्टी पाणरेषेच्या वर, वरून रंगाने पूर्ण झाकणार असाल तर चालून जाते. पाणरेषेखाली नको. त्यात टाल्कची भुकटी असते, ती पाणी पिते, आणि नाव कायम पाण्यात असेल तर वर्षाच्या आत ती जागा फुगते. मी माझी दुसरी नाव नेमकी अशीच बिघडवली होती.

कुठलीही वाट असो, ओरखडा आधी 'उघडावा' लागतो. अरुंद चिरेत काही भरत नाही, वरच्यावर पूल बांधला जातो आणि आत हवा राहते. पत्तीच्या कोपऱ्याने किंवा घडी केलेल्या 80 नंबरच्या पेपरने चिरेची तोंडं दोन्ही बाजूंनी उतरती करा, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. मग 120 ने कडा बाहेरच्या बाजूला बोटभर पातळ करत न्या. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. भुकटी ब्रशने झाडा, पुसा. घाम टपकू देऊ नका. हे मे महिन्यात सांगणं सोपं आणि पाळणं कठीण, पण घामाच्या एका थेंबात मीठही असतं आणि तेलही.

जेलकोटचं प्रमाण असं: 100 ग्रॅमला कॅटॅलिस्ट (जेलकोट कडक करणारं द्रव) 1 ते 2 ग्रॅम. डब्यावर कंपनीने वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. उन्हाळ्यात एक ग्रॅमच्या आसपास राहा. तापमान दहा अंशांनी वाढलं की कडक होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे डिसेंबरात वीस मिनिटं मिळणारं मिश्रण एप्रिलात पाच-सात मिनिटांत दगड होतं. म्हणून एका वेळी 20-30 ग्रॅमच कालवा आणि खोल कपात न ठेवता पसरट झाकणात ठेवा. खोल कपात ते स्वतःच्या उष्णतेने धूर काढायला लागतं. कॅटॅलिस्ट कमी करायचं म्हणून एक टक्क्याखाली जाऊ नका, मग ते आयुष्यभर चिकटच राहतं.

काही दुकानांत जेलकोटसोबत जांभळट रंगाचं कोबाल्ट (कडक होण्याला वेग देणारं द्रव) वेगळं देतात. विकत घेतानाच विचारा की ते आत मिसळलेलं आहे का. नसेल तर आधी कोबाल्ट जेलकोटमध्ये पूर्ण कालवा, आणि त्यानंतरच कॅटॅलिस्ट. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो, स्फोटही होतो. दोघांच्या बाटल्या एका पिशवीतसुद्धा ठेवू नयेत. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. लगेच पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा.

भरताना पत्तीने दाबून भरा आणि आजूबाजूच्या पातळीपेक्षा एक मिलिमीटर वर ठेवा, कारण बसताना ते थोडं आकसतं. जेलकोटची आणखी एक खोड आहे: हवा लागली की त्याचा वरचा पापुद्रा कडक होत नाही. म्हणून भरल्या भरल्या त्यावर जाड, गुळगुळीत प्लास्टिकचा तुकडा बुडबुडे न राहू देता ठेवा आणि कडा टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी काढा. मग ठोकळ्यावर 220, 320, 400, 600 असं उतरत या आणि पुढे वर सांगितलेलं पॉलिश. छोट्या ओरखड्याचं काम इथे संपलं, रंगाची गरजच नाही.

एपॉक्सीत हिशेब वेगळा. तिथे हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं, आणि ते काट्यावर मोजायचं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त टाकला तर उलट मऊ राहतं. कडक झाल्यावर एपॉक्सीच्या अंगावर मेणचट थर येतो. तो घासायच्या आधी साध्या पाण्याने आणि भांड्याच्या हिरव्या घासणीने धुवून काढा. थिनरने तो नीट निघत नाही, आणि न धुता घासलं तर पेपर गच्च होतो.

रंगाची छटा

तीन-चार उन्हाळे खाल्लेली पांढरी नाव पांढरी नसते. एका मच्छीमार सोसायटीच्या नावेला मी डब्यातला शुभ्र पांढरा लावला, आणि जुन्या धोतराला नवं ठिगळ लावल्यासारखं ते काठावरून दिसायला लागलं. आधी जुना भाग कंपाउंडने घासून त्याचा खरा रंग बाहेर काढा, तेव्हा छटा जुळवा. पांढऱ्यात पिवळ्याचा आणि काळ्याचा अगदी टाचणीच्या टोकाएवढा अंश लागतो. नमुना पुठ्ठ्यावर नको, नावेवरच मास्किंग टेपच्या तुकड्यावर लावा, सुकू द्या आणि सावलीतल्या दिवसाच्या उजेडात बघा. ओला आणि सुका रंग एकसारखा दिसत नाही. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग सकाळी परका वाटतो.

छटा शंभर टक्के जुळत नाही, हे मान्य करून टाका. त्याऐवजी डोळ्याला फसवा. मधेच चौकोनी तुकडा न रंगवता, रंग एखाद्या नैसर्गिक रेषेपर्यंत न्या: पट्टा, कडेची वळी, कोपरा. ओरखडा पोटाच्या मध्यावर असेल तर पट्ट्यापासून कडेपर्यंत ती सगळी फळीच रंगवा. मेहनत थोडी वाढते, पण तुकडा दिसत नाही.

अस्तर आणि रंग

एपॉक्सीच्या वाटेवर असाल तर दुरुस्त जागा आणि रंगवायचा सगळा भाग 220-320 ने मंद होईपर्यंत घासा. चकाकी राहिली तिथे रंग धरणार नाही. टेप लावा. नोंदणी क्रमांक त्या भागात येत असेल तर आधी फोटो काढून, मापं घेऊन ठेवा आणि शेवटी जसाच्या तसा परत लिहा. मग एपॉक्सी अस्तराचे दोन पातळ हात. दोन हातांमध्ये किती वेळ थांबायचं ते डब्यावर असतं. त्याच्या आधी मारलं तर थिनर अडकतो, फार नंतर मारलं तर मधे घासावं लागतं. अस्तर सुकल्यावर 320-400 ने हलकं घासा. उजेड तिरका पाडून बघा, आता न दिसलेला खड्डा रंगानंतर हमखास दिसणार.

वरचा रंग दोन डब्यांचा पॉलीयुरेथेन घ्यावा, उन्हाला तोच टिकतो. ऑइल पेंट स्वस्त आहे, लावायला सोपा आहे, पण आपल्या उन्हात दोन हंगामांत खडू होतो. सोसायटीकडे पैसे नसतील तर ऑइल पेंटही वाईट नाही, फक्त मग दर दोन वर्षांनी रंगवायची तयारी ठेवा, आणि जुना रंग ऑइल पेंटच असेल तर दुसरा पर्यायच नाही, सगळं खरवडून काढल्याशिवाय.

पॉलीयुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. स्प्रे गनने उडवल्यावर ते श्वासातून जातात आणि कायमचा दमा लावू शकतात. गॅरेजात हवेचा पुरवठा असलेल्या मास्कशिवाय गन चालवणारे बरेच आहेत. तुम्ही घरी रोलर आणि ब्रशच वापरा, आणि तेव्हाही मास्क असू द्या. फोमच्या रोलरने पातळ थर पसरवा, आणि लगेच जवळपास कोरड्या ब्रशच्या टोकाने वरून खाली एकदाच हलकेच ओढा, म्हणजे रोलरचे बुडबुडे फुटतात. हातभर जागा पूर्ण करा, पुढे सरका. मागे वळून 'इथे जरा राहिलं' म्हणून पुन्हा ब्रश लावायचा मोह आवरा. माग तिथेच पडतात. दोघं असाल तर एकाने रोलर, दुसऱ्याने ब्रश. उन्हाळ्यात एकट्याने हे जमत नाही, कड ओली राहतच नाही. कंपनीचा सावकाश सुकणारा थिनर मिळाला तर उन्हाळ्यात तो घ्यावा, पण सांगितलेल्या प्रमाणातच.

दोन-तीन पातळ हात. एक जाड हात कधीच नाही, ओघळतो. ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नका. पूर्ण सुकल्यावर 600 च्या वॉटर पेपरने उतरवा. टेप मात्र शेवटच्या हातानंतर रंग किंचित ओला असतानाच, मागे दुमडून, हळू ओढा.

लोखंडी आणि लाकडी नावा

सरदार सरोवराच्या फुगवट्यात अक्कलकुवा-धडगावकडे लोखंडी लाँच आणि बार्जही चालतात. तिथे ओरखड्याचा अर्थ गंज. रंगाच्या कडेखालून गंज सरकत पुढे जातो, म्हणून दिसतो त्याच्या दोन बोटं पलीकडेपर्यंत खरवडून चकचकीत लोखंड काढा आणि त्याच दिवशी झिंक फॉस्फेटचं किंवा एपॉक्सीचं अस्तर मारा. रात्र जाऊ दिली तर दवाने सकाळी तांबूस छटा आलेली असते, मग पुन्हा पहिल्यापासून.

लाकडाच्या नावा आता कमीच राहिल्यात. लाकूड आतून ओलं असताना रंगवलं की रंग फुगतो, एवढंच इथे सांगतो. जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

पाण्यात सोडण्याआधी

रंग दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, आणि तिथेच मालक उतावीळ होतो. आतून पूर्ण पिकायला सात दिवस लागतात. सात दिवस पाणी नाही, दोर नाही, ताडपत्री अंगाला चिकटवायची नाही. पॉलिश करायचंच असेल तर तेही या आठवड्यानंतर.

उरलेला थिनर, धुतलेले ब्रश, घासलेली भुकटी नदीत जाऊ देऊ नका. हतनूरमधून सोडलेल्या पाण्यावर खाली कितीतरी गावं तहान भागवतात. थिनर डब्यात ठेवला तर रंगाचा गाळ खाली बसतो आणि वरचा थिनर ब्रश धुवायला पुन्हा चालतो. उरलेलं जेलकोट झाकणातच कडक होऊ द्या, मग ते साध्या कचऱ्यात जातं. समुद्री बोटींच्या तळाला मारतात तो तांब्याचा विषारी रंग कुणी सुचवला तर नको म्हणा. आपल्याकडे त्याचं काम नाही. शेवाळ आलं तर नाव ओढून ब्रशने घासा.

आणि काठावर बांधायला मोटारीचे जुने टायर लटकवणार असाल तर त्यावर गोणपाट गुंडाळा. टायर ओरखडा थांबवतं, पण नव्या पांढऱ्या रंगावर काळे पट्टे ओढतं. ते पट्टे नुकत्याच पिकलेल्या रंगावरून थिनरने काढू नका, भांड्याच्या साबणाने आणि मऊ फडक्याने चोळा. बरेचसे निघतात. राहिले तर रबिंग कंपाउंडचा हलका हात.